घारीचा किल्ला, चित्र नववे

मित्रांनो, मी एक जुना किल्ला आहे. पण माझ्यात एकही दगड नाही. दोन वीत रुंदीचा एक जाड पुठ्ठा, त्यावर रंग आणि वरून रोगणाचा हात, एवढाच मी. माझे नाव घारीचा किल्ला. साऱ्या जपानात शोधलात तरी असा किल्ला सापडणार नाही, कारण मी गोष्टीतला आहे.

माझा जन्म ओसाका शहरात झाला. युद्ध संपून सहा वर्षे झाली होती. हिरोओका नावाच्या मालकाच्या दुकानावर एक माडी होती. तिथे चटईवर बसून पाच-सहा जण दिवसभर चित्रे काढत. त्यांतल्या फुमिए नावाच्या बाईने मला काढले. एक कुंचला हातात, दुसरा दातात, अशी ती काम करायची. तिने मला काळीभोर उतरती कौले दिली, पायथ्याला खंदक दिला, शेंड्यावर एक घार बसवली. सगळ्यात शेवटी वरच्या मजल्यावर एक खिडकी उघडी ठेवून तिने आत पिवळा दिवा लावला. दिव्यासमोर एका बाईची सावली होती, अंबाडा घातलेली. बाकी काही नाही.

मालकाकडून रोज दहा चित्रांचा एकेक भाग गोष्ट सांगणारे भाड्याने नेत. सायकलच्या मागे लाकडी चौकट, चौकटीत चित्रे. गल्लीच्या तोंडाशी लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्या, की पोरे धावत यायची. काडीवर गुंडाळलेला साखरेचा चिकट पाक घ्यायचा आणि गोष्ट ऐकायची. एक चित्र सांगून झाले की सांगणारा ते ओढून सगळ्यांच्या मागे सरकवतो आणि पुढचे दिसू लागते. म्हणून दिसणाऱ्या चित्राचे शब्द त्याच्या स्वतःच्या पाठीवर नसतात, आधीच्या चित्राच्या पाठीवर असतात. माझे शब्द आठव्या चित्राच्या पाठीवर होते. माझ्या पाठीवर दहाव्याचे आहेत. हे लक्षात ठेवा.

घारीच्या किल्ल्याची गोष्ट दोन वर्षे चालली. ओचियो नावाच्या मुलीच्या आईला किल्ल्याच्या सरदाराने कोंडून ठेवले होते, आणि ओचियो तिला सोडवायला निघाली होती. ऐन संकटात गोष्ट थांबायची आणि पोरे हळहळत घरी जायची. मी शेवटच्या भागातले नववे चित्र.

तो भाग प्रथम हाती आला तो किसाकु नावाच्या माणसाच्या. किसाकु लढाईवरून परतला तेव्हा त्याच्या घराच्या जागी राख होती. बायको तोयो तान्ह्या मुलीला खेड्यात नणंदेकडे ठेवून दोन दिवसांसाठी शहरात आली होती, आणि त्याच दोन दिवसांत आगीचा पाऊस पडला. तिचे हाडही सापडले नाही. एखादा फोटोसुद्धा उरला नाही. उरली ती मुलगी, सुमिको. आता ती सात वर्षांची होती आणि रोज दुपारी शाळेतून थेट बापाच्या सायकलपाशी येऊन पहिल्या रांगेत बसायची.

आधीच्या भागांतही हा किल्ला आणि ही खिडकी असे, आणि दुकानात परतलेली ती चित्रे बापलेकीचे बोलणे मला सांगत.

"बाबा, त्या खिडकीत नुसती ओचियोची आई आहे, का माझीपण?"

"असेल. आत पुष्कळ खोल्या आहेत."

"मग तिला जेवण कोण देतं?"

"सरदाराचा आचारी. पण मुळा आळणी करतो म्हणे."

सुमिको हसायची. दोन वर्षे हे असेच चालले होते. तिला आई आठवत नव्हती, त्यामुळे सावली पुरत होती.

पण दहाव्या चित्रात आईला चेहरा होता.

किसाकुने पिशवी उघडून चित्रे चाळली ती कालव्यावरच्या पुलाशी, कठड्याला सायकल टेकवून. सुमिको शाळेत होती. मला बाजूला करून त्याने दहावे पाहिले. उघडे दार, धावत येणारी ओचियो, आणि समोर हात पसरलेली आई. गोल चेहरा, लहान कपाळ, डाव्या भुवईखाली तीळ. मग त्याने आम्हा दहाही जणांना पिशवीत घातले, सायकल उलटी वळवली, घरी नेऊन चहाच्या रिकाम्या पेटीत ठेवले आणि वर जुनी सतरंजी टाकली.

दुसऱ्या दिवशी काय झाले ते मला पुढे कळले. फुमिए म्हातारी झाल्यावर एकदा किसाकुकडे चहाला आली होती, तेव्हा दोघे तेच आठवून हसत होते.

"मालकांना म्हणालात, पिशवी कालव्यात पडली," फुमिए म्हणाली. "आणि मालक म्हणाले, पिशवी पडली तर सायकल कशी नाही पडली?"

"मी म्हटलं, सायकलला पोहता येत नाही, म्हणून तिला धरून ठेवली."

"तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, किसाकुसान. ते ओरडत होते आणि तुम्ही मला खूण करून बाहेर बोलावत होतात."

मालकाने तिला तीन दिवसांत सगळा भाग पुन्हा काढायला सांगितले होते. जिन्याखाली किसाकुने तिला गाठले आणि एवढेच विचारले, "बाई, आईचा चेहरा काढायलाच हवा का?"

"शेवट आहे. चेहऱ्यावाचून शेवट कसा होईल?"

"माझ्या पोरीनं आईला पाहिलेलं नाही. हा पाहिला, तर जन्मभर हाच तिच्या आईचा होऊन बसेल. तोयो अशी दिसत नव्हती हो."

नव्या दहाव्या चित्रात फुमिएने आईला पाठमोरी काढले. तिला सगळे कळले होते. पिशवी खरेच कुठे पडली हे तिने कधीच विचारले नाही.

तर मित्रांनो, माझा एक जुळा भाऊ झाला. तो गल्लोगल्ली फिरला, पोरांनी त्याला पाहून टाळ्या वाजवल्या. मी पेटीत होतो. त्या दिवशी किसाकु घरी आला तेव्हा सुमिको दारातच विचारत होती, "बाबा, आईचा चेहरा का नाही काढला? सगळी मुलं विचारत होती."

"काढणाऱ्या बाईला चेहरे येत नसतील."

"ओचियोचा आला की."

"लहान मुलांचे सोपे असतात. भात खा."

नंतर एका रविवारी किसाकु सार्वजनिक न्हाणीघरात गेला होता. सुमिको उरलेल्या पाकाची काडी चोखत कपाटात खेळणे शोधत होती. सतरंजी सरकली, पेटी उघडली. आम्हाला पाहून तिने काडी तोंडातून काढली. एकेक चित्र चटईवर मांडले. मला उचलले, खिडकीवर बोट ठेवले. मग दहावे उचलले.

ती रडली नाही. चित्र डोळ्यांजवळ नेऊन तिने आधी कपाळ पाहिले, मग तीळ, आणि मग त्या गालावर अलगद बोट टेकवले. बोट पाकाने चिकट होते. माझी पाठ उलटून तिने ओठ हलवत अक्षरे वाचली. पुन्हा एकदा वाचली. बाहेर बापाच्या खडावा वाजल्या, तसे तिने घाईने सगळे पेटीत भरले, पण दहावे माझ्या खाली ठेवायचे ते वर ठेवले.

किसाकुला ते आठ-दहा दिवसांनी दिसले. बदललेला क्रम दिसला आणि गालावर उमटलेला इवलासा ठसा दिसला. त्याने खिशातून रुमाल काढला, चित्रावर धरला आणि तसाच परत खिशात ठेवला. क्रम नीट लावून पेटी बंद केली.

लेकीला वाटले, बापाला माहीत नाही. बापाने तिला तसेच वाटू दिले. दोघांचेही मला माहीत होते. पण सांगणारा नसेल तर मी मुका असतो. सुमिकोने खिडकीविषयी पुन्हा कधी विचारले नाही, आणि ती विचारत नाही याविषयी किसाकुही काही बोलला नाही. एका घरात, एका कढईतले खात, दोघांनी एकमेकांना असे जपले.

मग घरोघरी दूरदर्शन संच आले. पट्ट्या वाजवल्या तरी गल्लीत तीनच पोरे जमत, त्यांतले एक झोपलेले. हिरोओकाचे दुकान बंद झाले आणि साऱ्या चित्रांचे गठ्ठे त्याच न्हाणीघराच्या भट्टीत गेले. माझा जुळा भाऊही त्यात होता. ज्याला लोकांनी डोक्यावर घेतले तो जळला, आणि खोटे बोलून लपवलेला मी उरलो. किसाकु कारखान्यात पहारेकरी झाला. सुमिको शाळेत शिक्षिका झाली, तिचे लग्न झाले, मुले झाली. पेटी तिच्या घरी गेली आणि शेवटी बापही तिथेच राहायला आला.

नव्वदीला टेकल्यावर किसाकु विसरू लागला. जेवलो का, कुठे राहतो, काहीच लक्षात राहीना. पण हातात लाकडी पट्ट्या दिल्या की त्याची पाठ ताठ व्हायची. एका दुपारी सुमिकोने त्याला सज्जात उन्हात बसवले, आम्हा दहा जणांची थप्पी मांडीवर उभी धरली आणि म्हणाली, "काका, आज गोष्ट आहे का?"

"आहे. पुढं सरका. ए, ढकलू नका रे."

त्याला तिचे नाव आठवत नव्हते, पण गोष्ट शब्दन्‌शब्द आठवत होती. ती चित्र ओढी, तो सांगे. आठ चित्रे झाली. मी दिसलो. किसाकु थांबला.

"खिडकीत तोयो आहे," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"सुमी." कितीतरी महिन्यांनी तो हे नाव बोलला होता. "तोयो दिसायची कशी गं? मला... चेहराच येत नाही डोळ्यांपुढं."

तिच्या बोटांची पकड माझ्या कडेला घट्ट झाली. माझ्यामागे दहावे होते. तिने मला ओढले नाही. माझ्याकडे पाहत, सावकाश म्हणाली, "गोल होता, बाबा. कपाळ लहान. आणि डाव्या भुवईखाली तीळ."

तो ऐकत राहिला. मग त्याच्या खांद्यांतला ताठरपणा गेला.

"हो," तो म्हणाला. "तशीच होती." आणि थोड्या वेळाने, "पण तुला कसं ठाऊक? तू तर एवढीशी होतीस."

"तुम्हीच सांगितलंत ना, बाबा."

"मी? बरं केलं."

पुढची गोष्ट त्या दिवशी झाली नाही. हिवाळा लागण्याआधीच किसाकु गेला.

सुमिकोने आम्हाला वॉर्डाच्या ग्रंथालयाला दिले. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने मोजून पाहिले आणि म्हणाला, "आजी, नऊच आहेत. दहावं?"

"कालव्यात पडलं," ती म्हणाली.

"पूर्वी काय काय पडायचं नाही कालव्यात," तो हसून म्हणाला आणि त्याने नोंद केली. बाकीचे आठ जण खणात गेले. मला मात्र त्याने काचेत बसवून जिन्याजवळच्या भिंतीवर टांगले. लोक थांबतात, रंग कसे टिकले म्हणून कौतुक करतात. सुमिको आता काठी घेऊन येते. येते, खिडकीकडे पाहते आणि जाते.

मित्रांनो, जुनी वस्तू भिंतीवर टांगून भागत नाही. तिला कधीतरी खाली काढावे, पुसावे, उलटून पाहावे. आणि घरात कुणी म्हातारे असेल, तर जे चेहरे फक्त त्याला ठाऊक आहेत ते त्याला आठवतात तोवर विचारून घ्यावेत. आपल्याला कळलेले त्याच्याशी बोलून टाकावे. मी दोघांचे गुपित साठ वर्षे सांभाळले. ते सांभाळायचे नव्हते, सांगायचे होते.

माझी पाठ भिंतीला टेकलेली आहे. तिथे फुमिएच्या हातच्या तीन ओळी आहेत आणि त्या ज्या चित्राच्या आहेत ते सुमिकोच्या उशाशी आहे. दार उघडलं. आई बाहेर आली आणि म्हणाली, केवढी मोठी झालीस गं, मी तर ओळखलंच नसतं.

कुणीतरी मला एकदा उतरवा आणि ती काठी टेकत येईल त्या दिवशी हे मोठ्याने वाचा.