आठवणीने ओढलेला दांडा

मित्रांनो, मी एक जुनं, दुमजली पंखांचं विमान बोलतोय. पोटाला होडी, बाजूंना चाकं. जमिनीवरही उतरायचं आणि पाण्यावरही. कल्पना झकास, पण चालवणारी माणसं! देवा रे देवा!

टास्मानियात, लोकरीच्या रिकाम्या गोदामात हेक्टरने मला घडवलं, आणि उडवायचाही तोच. चाकांसाठी एकच दांडा. एकदा ओढला की चाकं वर, पुन्हा ओढला की खाली. काय ही अक्कल! पहिल्याच चाचणीत हा पठ्ठ्या चाकं वर घ्यायला विसरला. पाण्यात चाकं अडली आणि मी पालथा! तेव्हापासून शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला त्याची ताकीद असे, "पाण्यावर उतरण्याआधी दांडा ओढायचा. विसरायचं नाही!"

एका सकाळी बेटावरच्या दीपगृहातून निरोप आला. तिथल्या पर्सीची बायको नोरा बाळंतपणात अडली होती. बाळ आडवं आलं होतं. होडीने जायला दिवस मोडला असता. बेटावर सपाट जमीन नाही, फक्त एक छोटी खाडी. डॉक्टर विनीबाई पेटी घेऊन माझ्यात बसल्या.

उडताच हेक्टरने दांडा ओढला. चाकं वर. शाबास! पण तोंडाने सांगेल तर शपथ. खाडी दिसताच विनीबाईंना ताकीद आठवली. त्यांनीही दांडा ओढला. चाकं खाली! मी जीव तोडून थरथरलो. हेक्टर म्हणतो, "वारा आहे, बाई. घाबरू नका."

किनाऱ्यावरून पर्सीला चाकं दिसली. "चाकं! अरे गाढवा, चाकं!" असं ओरडत तो हात हलवत नाचू लागला. इंजिनाच्या आवाजात ऐकू कसं येणार?

"बघा, केवढा आनंद झालाय बिचाऱ्याला!" म्हणत हेक्टरनेही हात हलवला. कपाळ माझं!

धाडकन पुन्हा पालथा. विनीबाई पेटी डोक्यावर धरून गळाभर पाण्यातून निघाल्या.

"मी आठवणीनं ओढला हो दांडा!"

"अहो, मीपण ओढला होता!"

"मग सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"भांडणं नंतर करा!" पर्सी रडकुंडीला आला. "नोरा मरतेय तिकडं!"

संध्याकाळी मुलगी झाली. दोघी वाचल्या. नाव काय ठेवलं असेल? हेक्टरिना! मला बुडवणाऱ्याच्या नावावरून! माझी डागडुजी मात्र कोणी केली नाही. पर्सीने मला वर ओढलं आणि माझ्या पोटात कोंबड्या ठेवल्या.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी कराच, पण शेजारच्या माणसाशी दोन शब्द बोला. तेवढ्याने माझे पंख वाचले असते.

आता हेक्टरिना रोज सकाळी अंडी गोळा करायला येते. चिखलाचे पाय घेऊन खुशाल माझ्यात शिरते. तिच्यावर मात्र मी आजवर चिडलेलो नाही.