ऋतुजाच्या नावाचे तांबे

सोनपेठात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आणि भांड्यावर नाव घालण्यात माझा हात धरणारा तालुक्यात दुसरा कोणी नाही. लग्नाचा आहेर असो की वास्तुशांत, नाव, तारीख, निमित्त सगळं मी मशीनच्या सुईने कोरून देतो. एकदा कोरलं की ते जात नाही. म्हणून गिऱ्हाइकाला मी दरडावून सांगतो, आधी कागदावर लिहून आणा, घरच्यांना दाखवा, मगच इकडे या. पोरीच्या वेळी मात्र मलाच दम निघाला नाही.

ऋतुजा माझी एकुलती एक. परभणीला शेतीचं शिकत होती. शेवटच्या वर्षी तिची एका सहामाहीसाठी जर्मनीच्या विद्यापीठात निवड झाली. मातीचा अभ्यास, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. आमच्या घराण्यात हैदराबादच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी स्टीलचे एकशे एक तांबे काढले आणि आठ दिवस मान मोडून प्रत्येकावर कोरलं, ‘कु. ऋतुजा हिच्या जर्मनीतील शिक्षणानिमित्त. ईश्वरअप्पा व गौराबाई, सोनपेठ.’

“आवं, लेकरू जाऊन तर येऊ द्या,” गौराबाई म्हणाली. “मग वाटा की तुमचे तांबे.”

“तुला काय कळतंय त्यातलं?” मी म्हणालो. बायकोला गप्प करायला मला एवढं वाक्य पुरतं.

ऋतुजाने एक तांब्या उचलला, नाव वाचलं आणि हळूच खाली ठेवला. “अप्पा, एवढे कशाला?” मला वाटलं, लाजली पोरगी. मठात सगळ्या समाजापुढे तिचा सत्कार झाला, शाल झाली, आणि तांबे घरोघर गेले. महिनाभर कोणीही भेटलं की नमस्कारालाच जोडून “शरणार्थ अप्पा, पोरगी कवा निघायलीय?” हेच विचारायचं. त्या दिवसांत माझी छाती अंगरख्यात मावत नव्हती.

ती गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. बाजाराचा दिवस होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका परातीवर मी नवरा-नवरीचं नाव घालत होतो. फोन खांद्यावर मानेने दाबून धरला.

“अप्पा, मला घरी यायचंय.”

“काय झालं?”

“झोप येईना. जेवण जायना. लॅबमधी हात थरथर कापायलेत. दिवस दिवस कुणासंगं बोलणं न्हाई. अप्पा, लय जीव घाबरायलाय. परतीचं तिकीट बदलून भेटतंय, मी इचारलंय.”

मी मशीन बंदसुद्धा केली नाही. आज आठवलं की तेच सगळ्यात जास्त सलतं. पोरगी रडत होती आणि माझं लक्ष परातीवरचं अक्षर वाकडं जाईल का याच्याकडे होतं.

“महिना बी झाला न्हाई आजून,” मी म्हणालो. “गावभर तुझ्या नावाचे तांबे दिलेत. आता काय घरोघर जाऊन म्हणू, तांबे वापस द्या? होतंय सवयीनं. ऱ्हा गुमान.”

 मग ती म्हणाली, “बरं अप्पा. ऱ्हाते.”

त्यानंतर दर रविवारी फोन यायचा आणि “सगळं चांगलं हाय, अप्पा” एवढं बोलून ती आईकडे द्या म्हणायची. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, बघा, रुळली पोरगी. वेळेला कडक बोलावं लागतं, असंही वर सांगायचो.

फेब्रुवारीत ती आली ती निम्मी होऊन. तिकडचं जेवण मानवलं नसेल, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्याच दिवशी तिला मिरवायला गल्लीतल्या दत्तरावांकडे घेऊन गेलो. त्यांच्या बायकोने, बायनाबाईंनी, पाणी आणलं ते त्याच तांब्यातून, कौतुकाने, नाव पुढे करून. ऋतुजा पाणी प्यायली आणि तांब्या खाली ठेवताना तिने नाव भिंतीकडे फिरवलं.

“करमलं का तिकडं?” दत्तरावांनी विचारलं.

“लय चांगलं होतं, काका.”

आठ दिवसांनी गौराबाईने तिची बॅग उन्हात टाकायला रिकामी केली, तेव्हा तळाशी एक कागद सापडला. जर्मन आम्हाला काय वाचता येणार? मी तो ऋतुजापुढे धरला.

“दवाखान्याचा हाय,” कपड्यांच्या घड्या घालत ती म्हणाली. “नोव्हेंबरात लॅबमधी चक्कर येऊन पडले होते. चार दिवस ठिवून घेतलं.”

“आन् आमाला सांगितलं न्हाई?”

“ते इचारायलते, घरी फोन लावायचा का म्हणून. मी नको म्हणले.”

“का गं?”

“तुमी दुकानात असता, अप्पा.”

कागदावर नातेवाइकाचा म्हणून तिने दाखवलेल्या रकान्यात एक फोन नंबर होता. तो ना माझा होता, ना तिच्या आईचा. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा होता, असं ती म्हणाली.

दुपारी दुकानात बसून मी उरलेला एक तांब्या पॉलिशच्या चाकावर धरला. घासून घासून तांब्या पातळ झाला, तरी तिरपा धरला की ‘ऋतुजा’ दिसायचंच. मी गल्ल्यामागे बसून रडलो. पोरीची माफी मागायची होती, पण ती कशी मागतात हे मला या वयातही माहीत नव्हतं. आजवर कोणाची मागितली असेल तर ना!

जूनमध्ये तिला पुण्यात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पुण्याची रेल्वे परभणीहून, म्हणून परभणीच्या एसटीत बसवायला मी स्टँडवर गेलो. वाटेत दोन-तीनदा तोंड उघडलं, पण निघालं एवढंच, “पाण्याची बाटली घेतलीस का?”

ती खिडकीत बसली. कंडक्टरने बेल मारली, तेव्हा तिने वाकून विचारलं, “अप्पा, ह्या टायमाला तांबे तर वाटले न्हाईत ना?”

“न्हाई गं. एक बी न्हाई.”

“आन् सांगितलं कुणाला?”

“कुणालाच न्हाई.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली. “मग करमलं न्हाई तर घरी येता येईल.”