सुखीबाई वायरीमागं निघाली

सुखीबाई रोज सकाळी ग्रामपंचायतीचं ऑफिस झाडायची. भिंतीवर इंटरनेटचा पांढरा डबा होता, तोही फडक्यानं पुसायची. डबा बसवला तेव्हा त्याचे सगळे दिवे हिरवे होते, हे तिला पक्कं आठवत होतं. महिनाभरानं त्यातला एक लाल झाला आणि सव्वा वर्ष लालच राहिला.

ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी ममता त्याच बंजारा तांड्यातली. इंटरनेट नाही, मोबाइलला रेंज नाही. म्हणून ती सगळ्यांचे कागद पिशवीत भरून आठवड्यातून दोनदा तालुक्याला, आर्णीला जायची. पोरांचे कॉलेजचे फॉर्म, म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले, सगळं तिकडेच.

"ममता, हा एकच दिवा लाल काहून हाय वं?" सुखीबाईनं विचारलं.

"लाइन तुटली हाय याडी, कुठीतरी." तांड्यात आईला याडी म्हणतात, ममता तिलाही तेच म्हणायची.

"कुठी तुटली?"

"काय मालूम? चार डाव तक्रार टाकली. माणूस पाठवतो म्हणतात."

"अन् ही वायर जाते कुठी?"

ममतानं भिंतीतल्या भोकाकडे बोट दाखवलं. "जमिनीतून. थेट आर्णीले."

सुखीबाईचं काही समाधान झालं नाही. जमिनीत गेली म्हणजे कोणत्या बाजूनं गेली? वायर पुरली तेव्हा कामावरच्या माणसांनी रस्त्याच्या कडेनं दगड रोवलेले तिनं पाहिले होते. रविवारी ऑफिस बंद होतं. तिनं पाण्याची बाटली घेतली, काठी घेतली आणि पहिल्या दगडापासून चालायला लागली.

काही दगड तरोट्याच्या झुडपांत बुडाले होते, ते काठीनं शोधावे लागले. एका ठिकाणी तर दगडच नव्हता. तिनं मागच्या दोन दगडांची सरळ रेघ नजरेनं पुढं ओढली आणि तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, तिसरा सापडला. तिला एकटीलाच हसू आलं. ऊन चढलं तरी पाय परत फिरेनात. पुढच्या दगडाशी काय दिसेल, एवढंच डोक्यात होतं.

साडेतीन-चार किलोमीटरवर पुलाजवळ पाण्याच्या पाइपासाठी कोणीतरी खोदून ठेवलं होतं. मातीतून बोटाएवढी काळी नळी बाहेर आली होती, टोक तुटलेलं. आत रंगीत दोरे. सुखीबाईनं हात लावला नाही. शेजारी तीन दगडांची चळत रचली आणि घरी आली.

सोमवारी तिनं सांगितल्यावर ममतानं तिथं जाऊन फोटो काढले आणि आर्णीहून कंपनीला पाठवले. तुटलेली जागा आयतीच कळल्यावर गुरुवारी माणूस आला. अमर त्याचं नाव. सुखीबाई आधीच पुलावर बसलेली.

अमरनं नळी सोलली. आतला एक दोरा सोलला, तेव्हा केसापेक्षा बारीक काहीतरी उन्हात चमकलं.

"हे तार नोहे," सुखीबाई वाकली.

"काच आहे मावशी."

"काच? मंग वाकते कशी?"

"इतकी बारीक केली की वाकते."

"अन् याच्यातून काय जाते?"

"उजेड."

"निसता उजेड?"

"निसता उजेड. लुकलुक लुकलुक करते, इतकी जलद की डोळ्याले दिसत नाही. त्या लुकलुकीचाच तिकडे फोटो होते, आवाज होते."

सुखीबाईनं खड्ड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे सव्वा वर्ष उजेड या खड्ड्यापर्यंत येतच होता? अन् आमी आर्णीले जात होतो?"

अमरचा हात थांबला. हे त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "हो," तो हळू म्हणाला, "येतच होता."

त्यानं दोन टोकं छोट्या मशीनमध्ये धरली आणि तिला जवळ बोलावलं. पडद्यावर दोन जाड खांब समोरासमोर दिसत होते. बारीकशी ठिणगी पडली, खांब एक झाले. "अजून एक दाखव," ती म्हणाली. त्यानं सगळे दोरे तिच्यासमोरच जोडले, आणि जाताना एका कागदावर स्वतःचा नंबर लिहून दिला.

शुक्रवारी ममता आर्णीला गेली नाही. दुपारपर्यंत तिनं ऑफिसातूनच अकरा फॉर्म भरले. बाहेर रांग लागली होती.

रांगेत शेजारच्या तांड्याचा खेमसिंगही होता. त्याला फॉर्म भरायचा नव्हता. तो सुखीबाईला म्हणाला, "आमचा डबा तर दोन वर्षांपासून बंद हाय. तू येशीन का पाहाले?"

"येतो ना. पण तुमच्याकडले दगड कोण्या बाजूनं रोवले, थे पहिले सांग," सुखीबाई म्हणाली.

खेमसिंगला ते माहीत नव्हतं. तो विचारायला आपल्या तांड्यात परत गेला.