चोवीस आटे

व्हॉल्व्हच्या दांड्यावर चोवीस आटे होते. वरचे पाच चकचकीत होते, खालचे एकोणीस गंजलेले. पाचव्या आणि सहाव्या आट्यामधली रेषा इतकी स्पष्ट होती, की कुणीतरी पट्टी लावून आखली असावी असं वाटत होतं.

मी विजेरी जवळ नेऊन पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा मोजले. ही प्रयोगशाळेतली सवय आहे. पहिल्या दोन वेळा उत्तर सारखं आलं तरी मी तिसऱ्यांदा मोजते.

नगरपरिषदेच्या पाणी विभागात मी तपासनीस आहे. क्लोरीन, गढूळपणा, दाब, जे मोजता येतं ते सगळं मोजते, म्हणून गावात मला मीटरबाई म्हणतात. त्या सकाळी मुख्य व्हॉल्व्हच्या खड्ड्यात मी उतरले ती फक्त एक गळती बघायला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या खड्ड्यात मी पहिल्यांदाच उतरत होते. ही गोष्ट नंतर महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून टाकते.

वर खड्ड्याच्या काठावर चावीकाका पाय सोडून बसले होते. गावातले सगळे व्हॉल्व्ह तेच उघडतात आणि तेच बंद करतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण पहाटे त्यांना झोप लागत नाही आणि त्यांच्याशिवाय गावाला पाणी येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी तो विषय कुणी काढत नाही.

"काका, हा किती फेरे उघडता?"

"पाच."

"आणि पूर्ण उघडला तर?"

"चोवीस. का हो?"

"मग पाचच का?"

"तुमच्या बाबांनी सांगितलं होतं. दुष्काळात. म्हणाले, पाणी पुरवून वापरायचंय, पाचच फेरे द्यायचे." त्यांचा आवाज थोडा चढला. "सोळा वर्षं झाली. एकदासुद्धा साडेपाच केले नाहीत मी. विचारा कुणालाही."

"दुष्काळ पुढच्याच वर्षी संपला, काका."

"ते का मला ठाऊक नाही? पण आता वाढव, असं कुणी बोललंच नाही. साहेब तर त्याच वर्षी गेले."

बाबा पाणी विभागाचे प्रमुख होते. गेले त्या दिवशीही सकाळी कामावर होते. चावीकाकांनी त्यांचा शेवटचा हुकूम जपून ठेवला होता, जसे काही लोक हातातलं घड्याळ जपतात.

मी खाली खड्ड्यात तशीच बसून राहिले. अकरा वर्षांपूर्वी मी एक अहवाल लिहिला होता. टेकाडावरच्या वस्तीला नळ देता येतील का, हा प्रश्न होता. टेकाडावर दोनशे बारा घरं आहेत. तिथल्या लोकांचे आजोबा नदीवरचा पूल बांधायला आले आणि पूल झाल्यावर इथेच राहिले. तिसरी पिढी इथे शाळेत जाते, तरी जुन्या गावात अजून त्यांना 'पुलाकडचे' म्हणतात. त्यांना एक दिवसाआड टँकर येतो. टेकाडाच्या पायथ्याशी गावाचा शेवटचा नळ आहे. तिथे मी दाब मोजला होता. नळाला उभी नळी लावली तर पाणी चार मीटर चढेल, एवढा. सगळ्यांत वरच्या घरापर्यंत पोचायला सात हवा. मी लिहिलं: दाब अपुरा, स्वतंत्र टाकी आणि पंप लागेल. त्याच अहवालात एक वाक्य होतं: 'मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे.' ते मी आराखड्यावरून उतरवलं होतं. आराखड्यात तसं लिहिलं होतं आणि खड्डा ओला होता.

"मीटरबाई," चावीकाका वरून म्हणाले, "खाली काय साप दिसला की काय?"

मी वर आले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचे तळहात उलटून बघितले.

"म्हणजे टेकाडाचं पाणी मी अडवलं."

"तुम्ही सांगितलेलं काम केलंत. मी न बघता सही केली. तुमच्यापेक्षा माझं वाईट."

"दोघांचं वाईट," ते म्हणाले, आणि तेलाचा डबा आणायला उठले.

सभा पाच दिवसांवर होती. विषय जुनाच. सरकारच्या योजनेतून या वर्षी जलवाहिनीच्या एकाच नव्या शाखेला पैसे मिळणार होते, अर्ज महिनाअखेर पाठवायचा होता. एका बाजूला टेकाड. दुसऱ्या बाजूला रस्त्याकडेच्या माळावर होऊ घातलेली तीनशे चाळीस घरांची वसाहत. टाकी आणि पंपाचा खर्च योजनेत बसत नव्हता, त्यामुळे माझ्या अहवालाने टेकाड आपोआप बाद होत होतं. तरीही चौदा सदस्यांमध्ये दरवेळी सात हात इकडे आणि सात तिकडे वर जायचे. अशा वेळी अध्यक्षांचं मत निर्णायक असतं. आणि अध्यक्ष दरवेळी म्हणायच्या, "विषय तहकूब."

अध्यक्ष म्हणजे माझी थोरली बहीण. तहकूब हा तिचा स्वभाव आहे. बैठकीच्या खोलीतला पंखा बदलायचा विषय घरात दोन वर्षं तहकूब आहे. भावजी आता त्याच्याखाली बसतच नाहीत.

चावीकाकांनी चार दिवस रोज सकाळी काम केलं. पुरवठा बंद असतानाच्या दोन तासांत ते खड्ड्यात उतरायचे. गंजलेल्या आट्यांना तेल, मग चाक अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा तेल. जोर कुठेच लावायचा नाही. दांडा मोडला असता तर अर्धं गाव कोरडं पडलं असतं आणि मग कुणालाच काही सांगण्यात अर्थ उरला नसता. मी काठावर वही घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी नऊपर्यंत गेलो. दुसऱ्या दिवशी बाराव्या आट्याला चाक अडलं. काका त्याच्याशी बोलायला लागले.

"ये बाबा. रुसू नकोस. चूक आमची आहे, तुझी नाही."

एक तास ते नुसते तेल सोडत आणि बोलत राहिले. मग चाक हललं. मी वहीत लिहिलं: बारा, एक तास पाच मिनिटं. तेवढ्यात त्यांनी मला काय म्हटलं ते वहीत नाही: "हे सगळं कुठल्या पुस्तकात आहे का हो? नाही ना? मग लिहा नीट."

चौथ्या दिवशी चोवीस झाले. लगेच त्यांनी चाक अर्धा फेरा मागे घेतलं. "पूर्ण ताणून ठेवला की अडकून बसतो. अर्धा फेरा श्वास घ्यायला ठेवायचा." मी साडेतेवीस लिहिलं.

पाणी सोडल्यावर मी पायथ्याच्या नळाशी गेले. टेलरबाई आधीच तिथे उभ्या होत्या. त्या शाळांचे गणवेश शिवतात, आणि टेकाडातून नगरपरिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या सदस्य आहेत. गळ्यातली मोजपट्टी त्या सभेतसुद्धा काढत नाहीत.

"पुन्हा मोजताय?" त्या म्हणाल्या. "मोजा. अकरा वर्षांत आम्ही उंच झालोत का तेवढं बघायचं असेल."

मी दाबमापक लावला. काटा थरथरला, चारावरून गेला, सातावरून गेला आणि आठच्या जरा पुढे थांबला. आठ पूर्णांक तीन. मी तीनदा मोजलं. मग त्यांना सगळं सांगितलं, खड्ड्यासकट, ओल्या खड्ड्यासकट.

त्या मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या आईने हे पाणी दहा वर्षं डोक्यावरून वर नेलं. मान गेली तिची." आणि मग, "हे सभेत सांगाल? असंच? की शहाण्या भाषेत?"

"असंच."

"बघू," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मी ताईकडे गेले. ती ओट्याशी मटार सोलत होती. मी समोर बसून सोलायला लागले आणि सोलता सोलता बोलले. तिचे हात थांबले.

"अकरा वर्षं तू काय करत होतीस?"

"चुकत होते."

"आणि हे तू भर सभेत सांगणार."

"हो."

"बाबांचं नाव निघेल. उद्या गावभर होईल, बाबांनी पाणी तोडलं."

"बाबांनी दुष्काळात गाव जगवलं. पाच फेरे तेव्हा बरोबरच होते. पुढे कुणी बघितलं नाही, ते आपलं."

"तुझं नाव निघालं की माझं निघतं. बहीण आहेस माझी."

"त्याला आता इलाज नाही."

ती हसली नाही. एक शेंग तिने उगाचच दोनदा उघडून बघितली. "वसाहतीच्या बाजूच्या त्या सात जणांना काय सांगू? जुनं गाव म्हणेल, अध्यक्षबाई पुलाकडच्यांच्या झाल्या. पुढच्या वेळी मला घरी बसवतील."

"तुला काय वाटतं ते मला माहीत आहे, ताई."

"वाटणं वेगळं."

"म्हणून तर बाबा नुसतं वाटून थांबत नसत, तोंडाने हुकूम द्यायचे. चावीकाकांना अजून पाठ आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मटारांचं भांडं माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "सोल मुकाट्याने." तिने काय ठरवलं ते कळलं नाही. दाबासारखं ते बाहेरून मोजता येत नाही.

सभा सकाळी दहाला सुरू झाली. वकीलसाहेब पहिल्यांदा उठले. ते उपाध्यक्ष आहेत, माळावरच्या वसाहतीच्या बाजूचे, आणि माणूस वाईट नाही.

"टेकाडाबद्दल आमच्या मनात आपुलकीच आहे," ते म्हणाले. "पण शास्त्रापुढे कुणाचं चालतं? मीटरबाईंचाच अहवाल आहे. दाब नाही तर नाही. त्यांच्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो."

"तीच चूक मी केली," मी मागच्या बाकावरून म्हणाले.

सगळे वळले. मी सभेत बोलत नाही, कागद पाठवते. उभी राहिले आणि सांगितलं: आटे किती, फेरे किती, कोणत्या तारखेला कोणत्या वाक्यावर मी न बघता सही केली, आणि आता दाब किती आहे. टाकीची गरज नाही. पंपाची गरज नाही. एक शाखा पुरेल. बाबांचं नावही घेतलं आणि दुष्काळाचं वर्षही. चार मिनिटं लागली. 

"म्हणजे," वकीलसाहेब सावकाश म्हणाले, "अकरा वर्षं आम्ही चुकीच्या आकड्यावर भांडलो?"

"हो."

"आणि आजचा बरोबर कशावरून?"

"डोळे उघडे ठेवून बघा. बारा वाजेपर्यंत पाणी चालू आहे."

कुणीतरी हसलं. वकीलसाहेबही हसले, त्यांना हसावंच लागलं. मग ताई उठली. मला वाटलं, आता तो शब्द येणार. तिने चष्मा घडी करून पर्समध्ये टाकला.

"चला मग," ती म्हणाली. "सभा तहकूब नाही. सभा नळावर चालू राहील."

चौदा सदस्य, लिपिक, मी आणि ताई, असे आम्ही भर उन्हात बाजाराच्या रस्त्याने चालत निघालो. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. एका केशकर्तनालयातून एकजण अर्धी दाढी करून बाहेर आला. लिपिक इतिवृत्ताची वही छातीशी धरून चालत होता, कारण सभा चालू होती.

नळाशी चावीकाका इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. टेकाडाच्या पायऱ्यांवर लोक जमले होते. मी दाबमापक लावला. एकेक सदस्य वाकून काटा बघून गेला. वकीलसाहेबांनी दोनदा बघितला.

"आठच्या पुढे आहे," ते म्हणाले. "मान्य. काका, हे तुम्ही सोडवलंत?"

"चार दिवस, रोज सकाळी," चावीकाका म्हणाले. "दांडा शाबूत आहे. बघायचा असेल तर खड्ड्यात या."

"नको, तुमच्या शब्दावर..." असं म्हणता म्हणता वकीलसाहेब थांबले. "येतो. उद्या येतो." मग ताईकडे वळून म्हणाले, "पण अध्यक्षबाई, दाब आहे याचा अर्थ टेकाडच आधी, असा होत नाही. वसाहत आली की गाव वाढेल. माझं मत तेच आहे."

"माझ्याकडे एकच मोजपट्टी आहे," टेलरबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक बघून ती लांब-आखूड होत नाही. दोनशे बारा घरं आज उभी आहेत. तुमची तीनशे चाळीस अजून कागदावर आहेत. कागदाला तहान लागत नाही."

"हात वर करा," ताई म्हणाली.

उन्हात हात वर गेले. मी मोजले, तीनदा मोजायची गरज नव्हती. सात इकडे, सात तिकडे. आकड्याने एकही हात हलवला नव्हता. मला क्षणभर राग आला, मग वाटलं, आकड्याचं काम एवढंच असतं. तो वाट मोकळी करतो. चालायचं काम त्याचं नाही.

सगळे ताईकडे बघत होते. टेकाडावर कुणाचंतरी बाळ रडत होतं, तेवढाच आवाज. ताईने नळाकडे बघितलं, चावीकाकांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे, जशी लहानपणी उंच भिंतीवरून उडी मारण्याआधी बघायची. तिने नळ उघडला, ओंजळीत पाणी घेतलं, चेहऱ्यावर मारलं आणि पदराने पुसलं.

"लिहून घ्या," ती लिपिकाला म्हणाली. आवाज बाबांचा होता, पायऱ्यांवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. "अध्यक्षांचं निर्णायक मत. शाखा टेकाडाला. आधी टेकाडाला, आणि टेकाडाच्या शेवटच्या घरात पाणी पोचल्याशिवाय माळावर एका विटेलाही परवानगी नाही."