शेजारी जाणारा कडीचा डबा

दुपारी घर निजलेले असताना फळीवर माझी कडी पडली आणि ‘खण्ण’ झाले. दचकू नका, मित्रांनो. मी एक जुना कडीचा डबा आहे. पोटावर नवरीचे ‘अकिला’ हे नाव घालून, लग्नाच्या भांड्यांबरोबर किकवीहून टेम्पोतून मी भोरला आलो. वाटेतच मला पोचा पडला. आता प्लास्टिकचे डबे आले आणि मी फळीवर चढलो. पण अठ्ठ्याण्णव साली माझा मान काही वेगळाच होता.

अकिलाची लेक सानिया घरात कोंबड्यांनाही बोलू देत नसे. परक्यापुढे मात्र चिडीचूप. “मुकी हाय व्हय गं?” असे कुणी म्हटले, की ती आईच्या ओढणीत शिरे. जूनमध्ये शाळा सुरू होणार होती. तहान लागली तरी ही तिथे सांगणार कशी, हीच अकिलाची काळजी.

ती रागावली नाही. तिने मला सानियाच्या हाती दिले. “शेजारच्या फुलामावशीला खीर देऊन ये. बोलावंसं न्हाई वाटलं, तर नको बोलू. मी हितं कोपऱ्यावर उभी हाय.”

फुलाबाईंनाही तिने आधीच सांगून ठेवले होते, “बोलली तरी कवतिक करू नका, मावशी. लाजंल परत.”

आमच्या आळीत डबा रिकामा परत देत नाहीत. फुलाबाई माझ्यात कधी तांदूळ घालत, कधी ताक. उन्हाळाभर हे चालले. सानिया गप्प, फुलाबाई बडबड्या, आणि मधे मी.

एकदा फुलाबाईंनी घाईत ताक ओतले ते दुसऱ्या शेजारणीच्या, बाळाबाईंच्या डब्यात. तोही कडीचाच. मी ओट्यावरच राहिलो. सानियाने हातातला डबा पाहिला, मग आईकडे पाहिले. अकिलाचे ओठ हलले. तिने ते ओढणीने झाकले.

“मावशी,” सानिया म्हणाली, “ह्यो आमचा न्हाई. आमच्याला पोचा हाय.”

“व्हय की. मला कुठं वाचता येतंय,” फुलाबाई म्हणाल्या. कौतुक त्यांनी मुळीच केले नाही. फक्त माझ्यात ओतताना निम्मे ताक ओट्यावर सांडले.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी लाजरे असेल, तर त्याच्या वतीने घाईने बोलू नका. त्याच्या हाती एखादे काम द्या आणि त्याला दिसेल असे थांबा.

परतताना सानिया वाटभर बोलत होती. मग एकदम थांबली.

“अम्मी, आता मला बोलता येतं. मग साळंच्या कोपऱ्यावर तू उभी न्हाई राहायचीस?”

घट्ट बसलेले माझे झाकण अकिला पुन्हा पुन्हा दाबत राहिली.