मणीच्या गळ्यातून फाटकावर

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. चेन्नईतल्या वेस्ट मांबलम भागात एका हिरव्या फाटकावर माझा मुक्काम असतो. काम हलकं आहे आणि सोबत चांगली आहे. अंगावर गंज बघून मला ‘बिचारी’ म्हणू नका. खरं बिचारं कोण होतं, ते माझी गोष्ट ऐकलीत की तुम्हालाच कळेल.

माझा जन्म अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. जाड तार वाकवून, कडीत कडी अडकवून त्यांनी मला घडवलं आणि वर चकचकीत मुलामा चढवला. तिथल्या कारागिरानं मला दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. कौतुकाची चटक मला लागली ती तेव्हापासून. मांबलम स्टेशनजवळच्या दुकानात टांगलेली असताना प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटायचं की मला हात लावून बघावं, आणि मी तोऱ्यात झुलायचे.

२००३ सालच्या डिसेंबरात मला बालाजीरावांनी विकत घेतलं. ते चेन्नईबाहेरच्या आवडी गावात सरकारी नोकरीत होते आणि रोज लोकलनं जात-येत. त्यांचे पूर्वज काही पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिले होते, त्यामुळे घरात मराठीच बोलत, पण तिच्यात तमिळ अशी मिसळलेली की वेगळी काढता येऊ नये. त्यांच्या पत्नी सकवारबाई. गल्लीतले सगळे त्यांना मामी म्हणत. आणि तिसरा होता मणी, वाळूच्या रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला गावठी कुत्रा. स्टेशनच्या जिन्याखाली कुडकुडणारं ते पिल्लू बालाजीरावांनी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं होतं.

मणीला साखळी का लागली, ते ऐका. सकवारबाई रोज पहाटे दारासमोर तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे रांगोळी काढत. मणी शहाण्यासारखा बाजूला बसून बघायचा, आणि शेवटची रेघ पुरी झाली की कोपऱ्यापासून चाटायला सुरुवात करायचा! एरवी त्या हसायच्या. पण मार्गळी महिना लागला, म्हणजे आपला धनुर्मास. त्या महिन्यात दारोदारी मोठाली कोलमं काढतात आणि बायका एकमेकींची बघायला येतात. सकवारबाईंच्या नऊ कमळांपैकी तीन कमळं मणीनं फस्त केली, तेव्हा त्यांचा धीर सुटला.

“अय्यो, बांधा हो त्याला!” त्या म्हणाल्या.

“मार्गळीपुरतंच हं,” बालाजीराव म्हणाले. “पोंगल झाला की काढून टाकू.”

पोंगल झाला. पण मला कुणी काढलं नाही. कुणाच्या मनात वाईट होतं असं मुळीच नाही. कोलम शाबूत राहायचं, अंगण स्वच्छ राहायचं, आणि आज काढू, उद्या काढू करता करता चार वर्षं गेली. ‘साखळी कशी मजबूत आहे बघा!’ असं पाहुणे म्हणायचे आणि मी फुगून बसायचे. मणीला बांधलंय म्हणजे त्याला सांभाळलंय, असं त्या घराला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. वेळेवर ताटली येई, पाणी येई, शनिवारी लांबूनच नळीनं अंघोळ होई. त्याच्या मानेला मात्र चार वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. तिथं फक्त मी होते. मे महिन्याच्या उन्हात मी तापत असे, आणि तापलेली मी त्याच्याच गळ्यात असे.

मणी बदलला. आधी तो शेपटी हलवायचा, मग नुसता भुंकायचा, मग भुंकणंही सोडून गुरगुरायला लागला. खुंटीभोवती फिरून फिरून त्यानं मातीत एक गोल पाडला होता. त्याचं सगळं जग तेवढंच, खुंटीपासून नऊ पावलांचं.

एका सकाळी दूध घालणारा सुब्बा घाईत त्या गोलात शिरला आणि मणीनं त्याच्या पोटरीला चावा घेतला. सुब्बाला दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं दिली. बालाजीराव हादरले. “पोदुम, आता पुरे,” ते म्हणाले. “येत्या रविवारी त्याला आवडीला नेऊन सोडतो. तिथं मोकळं रान आहे.”

मित्रांनो, मी लोखंडाची असले तरी ते ऐकून गार पडले. नऊ पावलांपलीकडचं जग विसरलेला कुत्रा अनोळखी रानात किती दिवस जगला असता?

वरच्या मजल्यावर ऋजुता नावाची मुलगी भाड्यानं राहत होती. ती मूळची सांगलीची, इथे मोटारींच्या कंपनीत नोकरीला. शनिवारी सकाळी ती खाली आली, तेव्हा सकवारबाई कोलम काढत होत्या. ती बराच वेळ बघत राहिली.

“मामी, दगडाची पांढरी पूड स्वस्त मिळते की. तुम्ही तांदळाचं पीठच का घेता?”

“त्या दगडाच्या पुडीत का आहे गं खायला? पीठ घातलं तर मुंग्या खातात, चिमण्या खातात. दारात चार जिवांचं पोट भरलं मणजे पुण्य लागतं.”

“मग मणीनं खाल्लं तर साखळी का, मामी?”

सकवारबाईंची चिमूट तशीच हवेत राहिली. पीठ एकाच जागी सांडत गेलं. मग त्या उठल्या आणि पिठाच्या हातानंच मणीकडे गेल्या. तो गुरगुरला, पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्याखाली बोट घातलं. माझ्याखालचे केस कधीच झडले होते आणि कातडी सोलून लाल झाली होती.

“अहो, इकडे या! या आधी!” त्यांनी बालाजीरावांना हाक मारली. “मी केलं हे. माझ्या रांगोळीपायी.”

माझा हुक गंजून घट्ट बसला होता. बालाजीरावांनी पक्कड आणली आणि गळ्याजवळची कडी तोडली. आयुष्यभर न तुटण्याचा गर्व वाहणारी मी, त्या दिवशी आनंदानं तुटले.

मणी उठला, नऊ पावलं चालला आणि गोलाच्या काठावर थांबला. तिथं माझा हिसका बसायची त्याला सवय ना! मी तर मागे धुळीत पडलेली होते. त्याला अडवणारं काही नव्हतं, तरी तो पुढे जाईना. त्या क्षणी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

सकवारबाई गोलाच्या पलीकडे जमिनीवर बसल्या. तळहातावर पीठ घेऊन म्हणाल्या, “ये रे. खा. सगळं तुझंच.” कितीतरी वेळ गेला. मग त्यानं दहावं पाऊल टाकलं.

रविवारी बालाजीराव आवडीला गेले नाहीत, जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. मानेला मलम लागलं, लस टोचली, पुढे नसबंदीही झाली. सकाळी ऋजुता आणि संध्याकाळी बालाजीराव त्याला कापडी पट्टा बांधून फिरवून आणतात. सुब्बा आधी दुरूनच जायचा, आता मणीच्या ताटलीत चमचाभर दूध ओततो. मोकळा मणी रस्त्यावर धावू नये म्हणून फाटक बंद राहायला हवं, आणि ते काम मला मिळालं. उरल्यासुरल्या कड्यांचे दोन वेढे घेऊन मी ते घट्ट धरते.

कोलम अजून रोज निघतं. त्याच्या शेजारी एक छोटंसं वेगळं कमळ असतं, ते मणीचं. तेवढं खाऊन तो मोठ्याकडे ढुंकूनही बघत नाही. बहुतेक दिवशी तरी.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर आज त्याच्या मानेला हात लावून बघा. फाटकाला खुशाल साखळी घाला, फाटकाला मान नसते.

आता दुपार झाली आहे. कडुलिंबाची सावली फाटकापर्यंत आली आहे आणि मणी माझ्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या टोकावर मान टेकून झोपला आहे. मी जराही हलत नाही. त्याला हवं तेव्हा तो उठून जाईल.