एप्रनच्या खिशाची कड

माझी बायको ज्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती, तिथेच मी काचसामान धुतो. कामावर सगळे तिला मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचो. घरी आल्यावर ती म्हणायची, “आता मॅडम पुरे, कांदा चिरा.”

तिच्यासारखे स्फटिक कुणाला जमले नाहीत. कच्चा माल मळकट असायचा. तो ती गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायची, पण अल्कोहोल अगदी बेताचं. जास्त झालं की पदार्थ त्यातच बसून राहतो, बाहेर यायचं नाव घेत नाही. गरम असतानाच गाळायची, कचरा कागदावर राहायचा. मग चंचुपात्र झाकून ठेवायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही.

मी म्हणायचो, “बर्फात ठेवा, लवकर होईल.”

“घाईत आलेला स्फटिक घाण पोटात घेऊन येतो,” ती म्हणायची. “सावकाश येऊ द्या. मग तो आपल्यासारख्याच कणाला शेजारी बसवतो, परक्याला उभंही करत नाही.”

संध्याकाळपर्यंत तळाशी पांढऱ्या सुया उभ्या असायच्या. वीस वर्षं पाहिल्या, तरी मी वाकून बघायचोच.

ती अचानक गेली. तिसऱ्या दिवशी मी कामावर आलो आणि तिचं टेबल आवरलं. हात रिकामे ठेववेनात. प्रत्येक काचकांडी लख्ख धुतली. एका छोट्या बाटलीच्या तळाशी पांढरी धूळ होती, तीही धुतली.

चार महिन्यांनी तिच्या हाताखालची मुलगी माझ्याकडे आली. मॅडमच्या शेवटच्या पदार्थाचा नऊ ग्रॅम कच्चा माल उरला होता. शुक्रवारी तो शुद्ध करून तपासणीला पाठवायचा होता, नाहीतर दोन वर्षांचं काम फायलीत बंद होणार होतं. ती तीन दिवस खटपट करत होती. पात्रात नुसता पाक.

“बर्फ लावला, काचेवर कांडी घासली. हटूनच बसलंय,” ती म्हणाली. “काका, मॅडम एका बाटलीत चिमूटभर शुद्ध पदार्थ ठेवायच्या. बी म्हणून. एक कण टाकला की बाकीचे त्याच्यावर जमतात. ती बाटली पाहिलीत?”

मी खाली बघितलं. “धुतली.”

ती मान हलवून परत निघाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी नळ सोडून तसाच उभा राहिलो आणि मला बायकोची एक घाण सवय आठवली. चमच्याला लागलेली पूड ती एप्रनच्या उजव्या खिशाच्या कडेला पुसायची. “धुणं मला पडतं,” असं मी दर रविवारी कुरकुरायचो. सोमवारी ती धुतलेला एप्रन घालायची. शेवटच्या आठवड्यात तिच्या हातात हा एकच पदार्थ होता.

तो एप्रन घरी दारामागे टांगलेला होता. सगळं धुणारा मी, तेवढा मला धुववला नव्हता.

दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन आणला. मुलीच्या हातात देताना माझी मूठ लवकर सुटेना.

“काका, नको असेल तर...”

“घे. तिला कळलं की तिचं काम यासाठी अडलं, तर मला कांदेच कांदे चिरायला लावेल.”

तिने खिशाची कड काळ्या कागदावर हलकेच झटकली. डोळ्याला दिसेल न दिसेल अशी पूड पडली. सुईच्या टोकाने उचलून तिने पाकात सोडली. आम्ही दोघं वाकून बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग कणाभोवती एक सुई फुटली. मग दुसरी. तासाभरात पात्राचा तळ पांढरा झाला होता.

कापडाचा धागा आला असेल म्हणून तिने सगळं पुन्हा विरघळवलं, गाळलं आणि सावकाश निवू दिलं. अगदी मॅडमसारखं. शुक्रवारी सकाळी थोडा पदार्थ तापवून पाहिला, तर वितळायला लागल्यापासून एका अंशाच्या आत तो सगळा वितळला. इतका नेमका वितळतो तो शुद्ध, हे मला माझ्या बायकोनेच सांगितलं होतं.

नमुना तपासणीला गेला. चिमूटभर तिने छोट्या बाटलीत ठेवला आणि बाटली माझ्यासमोर धरली.

“काका, ही धुवायची नाही.”

“नाही,” मी म्हणालो, आणि चिठ्ठीवर पदार्थाचा क्रमांक लिहून खाली मॅडम लिहिलं.

रविवारी एप्रन भिजत घातला.